घामोळ्या आणि त्यांचे डाग: वाळ्याचा लेप नेमका कसा लावावा, आणि कुठे लावू नये?

शांतसंध्या यांचा प्रश्न

नमस्कार. गेली काही वर्षे उकाडा वाढला की माझ्या मानेवर, पाठीवर आणि कोपराच्या खळगीत बारीक लालसर पुरळ उठते, घाम आला की तिथे सुया टोचल्यासारखे होते, आणि पुरळ ओसरल्यावरही तपकिरी डाग दोन-तीन महिने रेंगाळतात. वाळा थंड असतो, दाह शमवतो आणि वर्ण सुधारतो असे आयुर्वेदात सांगितले असल्याचे वाचून मी वाळ्याची तयार पूड विकत आणली. ती मुलतानी माती आणि गुलाबपाण्यात कालवून रोज रात्री झोपण्यापूर्वी तिचा जाडसर थर दिला, आणि तो खडखडीत वाळेपर्यंत तसाच ठेवला.

पहिले दोन दिवस बरे वाटले. तिसऱ्या दिवसापासून कातडी ताणल्यासारखी होऊ लागली, आणि पाचव्या दिवशी लेप धुतल्यावर मानेवर ओरखड्यांसारख्या बारीक लाल रेषा दिसल्या. पूड बोटांच्या चिमटीत चोळून पाहिली तेव्हा तिच्यात केसासारखे ताठ तंतू हाताला लागले.

माझ्या शंका अशा आहेत. दोष वाळ्याचा आहे, की माझ्या पद्धतीचा? मांडीच्या सांध्यात नाण्याएवढा एक गोल चट्टा आहे, त्याची कड उठावदार असून मधला भाग त्या मानाने साफ दिसतो आणि त्याला खाज फार सुटते. त्यावरही हाच लेप चालेल का? आणि लेपाची खटपट टाळून वाळ्याचे सुगंधी तेल थेट लावले तर परिणाम अधिक मिळेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

कल्कचूर्ण यांचे उत्तर

मी आयुर्वेदाचा चिकित्सक आहे. आपण निवडलेले द्रव्य चुकीचे नाही, परंतु ते लावण्याच्या रीतीत जवळजवळ प्रत्येक पायरी ग्रंथांत सांगितल्याच्या उलट झाली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

वाळ्याला संस्कृतात उशीर म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २५व्या अध्यायात, कोणत्या कामासाठी कोणते द्रव्य सर्वांत श्रेष्ठ याची एक लांबलचक यादी आहे. तिच्यात लामज्जक आणि उशीर या दोन सुगंधी मुळांची नावे जोडीने येतात, आणि त्यांचे काम फार नेमक्या शब्दांत सांगितले आहे: दाह, त्वचेचे दोष आणि घाम दूर करणारे जे लेप आहेत, त्यांत ही श्रेष्ठ. हे तीन शब्द एकत्र वाचले की डोळ्यांसमोर जो रुग्ण येतो तो आपल्या वर्णनाशी बराच जुळतो. घामाच्या नलिकांची तोंडे बंद होऊन घाम त्वचेतच अडकतो आणि तेथे टोचणारी पुरळ उठते, ही घामोळ्यांची आजची उपपत्ती आहे; प्राचीनांनी ती या भाषेत मांडली नाही, परंतु दाह, घाम आणि त्वग्दोष यांची सांगड त्यांनी निरीक्षणातून घातलेली दिसते. त्याच ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात दहा-दहा द्रव्यांचे जे गण आहेत, त्यांपैकी दाहप्रशमन आणि वर्ण्य या दोन्ही गणांत उशीर आहे. वर्ण्य गणात त्याच्या सोबतीला चंदन, मंजिष्ठा, ज्येष्ठमध आणि सारिवा आहेत.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. वर्ण्य म्हणजे गोरे करणारे नव्हे. ज्याचा जो नैसर्गिक वर्ण आहे तो रोगामुळे बिघडला असता पूर्ववत होण्यास मदत करणारे, एवढाच त्याचा अर्थ आहे. जाहिरातींनी या शब्दाचे जे केले आहे त्याबद्दल न बोललेलेच बरे.

आता लेपाविषयी. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानाचा १८वा अध्याय आलेपन आणि बंधन, म्हणजे लेप लावणे आणि पट्टी बांधणे, यांनाच वाहिलेला आहे, आणि तो वाचल्यावर आपल्याकडे लेप किती निष्काळजीपणे लावला जातो हे लक्षात येते. तेथे प्रलेप, प्रदेह आणि आलेप असे तीन प्रकार केले आहेत. प्रलेप थंड आणि पातळ असतो, प्रदेह जाड असतो आणि प्रसंगानुसार गरम किंवा थंड, तर आलेप या दोहोंच्या मधला. लेप केसांच्या दिशेने न लावता उलट दिशेने लावावा, कारण तसा तो नीट टेकतो आणि रोमकूपांतून त्याचे वीर्य, म्हणजे औषधी शक्ती, आत शिरते. जाडीचे मोजमाप म्हणून म्हशीच्या ओल्या कातड्याची उपमा दिली आहे. शिळा लेप वापरू नये, वाळलेल्या लेपावर दुसरा थर चढवू नये, एकदा काढलेला लेप पुन्हा कालवून लावू नये, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे.

आपल्या बाबतीत दोन नियम सर्वांत महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, त्वचेवरचा दाह घालवण्यासाठी लावलेला लेप सुकण्यापूर्वीच काढावा. शार्ङ्गधरसंहितेत याचे सूत्रच आहे, की ओला लेप रोग हरतो आणि वाळलेला लेप त्वचेची कांती बिघडवतो. मुलतानी माती सुकताना आकसते आणि जाताना त्वचेतील ओलावा व स्निग्धता घेऊन जाते. आपल्याला तिसऱ्या दिवशी जाणवलेला ताण हा बहुतांशी तिचा आहे, वाळ्याचा नव्हे. दुसरा नियम असा की, लेप रात्री लावू नये. सुश्रुतांनी त्याचे कारणही दिले आहे: थंडाव्याने शरीराची उष्णता आतच कोंडली जाते, तिला बाहेर पडण्यास वाट मिळत नाही आणि त्यातून विकार वाढतो. मुळात कोंडलेल्या घामाचाच त्रास असलेल्या माणसाने मातीचा जाड थर रात्री अंगावर ठेवून निजणे म्हणजे बंद दाराला बाहेरून कडी घालण्यासारखे आहे.

ओरखड्यांचे कारण आपणच शोधून काढले आहे. वाळ्याचे मूळ चिवट आणि तंतुमय असते. ते खलात कुटले तर पूड कमी आणि कुसे जास्त निघतात. म्हणूनच वैद्य लेपासाठी वस्त्रगाळ चूर्ण घ्यायला सांगतात, म्हणजे सुती कापडातून गाळलेले, जे दोन बोटांत चोळल्यावर पिठासारखे लागते. भरड पूड घामोळ्यांवर चोळल्यास ती औषध राहत नाही, घासणी होते.

गोल चट्ट्यावर मात्र हा लेप लावू नये. उठावदार कड, मध्ये साफ होत जाणारा भाग, सांध्यातली जागा आणि जोराची खाज हे वर्णन दद्रूचे, म्हणजे सामान्य भाषेत नायट्याचे वाटते. नायटा बुरशीमुळे होतो. चरकांनी तो पित्त-कफप्रधान मानला आहे, सुश्रुतांनी कफप्रधान, आणि त्याची द्रव्येही वेगळी आहेत. टाकळ्याचे एक संस्कृत नावच दद्रुघ्न आहे. ओलसर, थंड लेप रोज मांडीच्या सांध्यात लावणे म्हणजे बुरशीला हवी असलेली ओल आपल्या हाताने पुरवणे होय. तो चट्टा प्रत्यक्ष दाखवून घ्यावा, आणि तोपर्यंत त्यावर मिळेल ते मिश्र मलम चोळू नये. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, परंतु बुरशी पसरत राहते आणि चट्ट्याचे मूळ रूप पुसले गेल्याने निदान करणेही कठीण होते.

तृणकुल यांचे उत्तर

वैद्यांनी वापराबद्दल लिहिले आहे. मी वनस्पतिशास्त्राच्या बाजूने ओळखीबद्दल थोडी भर घालतो, कारण वाळा या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या वनस्पती वावरत असतात आणि चर्चा पुष्कळदा त्यातच वाहून जाते.

खरा वाळा हे एक उंच, ठोंबाने वाढणारे गवत आहे, ऊस आणि ज्वारी यांच्याच कुळातले. त्याचे आजचे शास्त्रीय नाव क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडिस असे आहे. जुन्या पुस्तकांत ते व्हेटिव्हेरिया या प्रजातीखाली सापडेल, आणि ते नाव वेट्टिवेर या तमिळ शब्दावरून आलेले आहे. याच्या पात्यांना वास नसतो. सुगंध सारा मुळांत असतो, आणि ती मुळे आडवी न पसरता सरळ खाली तीन-चार मीटरपर्यंत जातात. बांधबंदिस्तीसाठी आणि मातीची धूप थांबवण्यासाठी हे गवत लावतात ते याच गुणामुळे.

दुसरे लामज्जक. तेही गवतच आहे, परंतु गवती चहाच्या प्रजातीतले. वर उल्लेखलेल्या यादीत चरकांनी उशीर आणि लामज्जक शेजारी-शेजारी घेतले आहेत, त्यावरून त्यांना ही दोन द्रव्ये भिन्न वाटत होती हे उघड आहे. पुढे मात्र काही टीकाकारांनी एकाला दुसऱ्याचा प्रकार म्हटले आणि गोंधळ सुरू झाला.

तिसरे ह्रीबेर, ज्याला बालक किंवा वालक असेही म्हणतात. खरी मौज येथे आहे, कारण वालक या संस्कृत शब्दाचा मराठी कानाला सरळ वाळाच ऐकू येतो. मराठीत याला काळा वाळा म्हणण्याची पद्धत आहे. ही वनस्पती गवत नाहीच. एक मत असे, की ह्रीबेर म्हणजे जास्वंद-भेंडीच्या कुळातले पॅव्होनिया ओडोराटा हे लहानसे, गुलाबी फुलांचे झुडूप. दक्षिणेत मात्र त्याऐवजी तुळशीच्या कुळातल्या एका कोलियसची मुळे वापरतात. वैद्यांनी सांगितलेला दाहप्रशमन गण काढून पाहावा: त्यात उशीर आहे आणि ह्रीबेरही आहे. एकाच यादीत एकच वस्तू दोनदा कशाला घालतील? विसर्प (त्वचेवर भराभर पसरणारी लाली) आणि सूज यांवर दशांग लेप म्हणून प्रसिद्ध असलेला जो लेप आहे, त्यातही बालक आहे, उशीर नव्हे. त्यामुळे घरी दशांग लेप करताना वाळ्याची मुळे कुटून घालणाऱ्यांनी एकदा मूळ श्लोक पाहावा.

विकत घेताना पूड शक्यतो टाळावी आणि अख्खी मुळे घ्यावीत. चांगले मूळ सुतळीपेक्षा बारीक, पिवळट ते तांबूस तपकिरी, चिवट आणि चवीला किंचित कडवट असते. कोरडे असताना त्याचा वास दबलेला असतो. मूठभर मुळांवर पाणी शिंपडावे आणि थोड्या वेळाने हुंगावे, म्हणजे पहिल्या पावसानंतरच्या मातीची आठवण करून देणारा जड, गोडसर वास वर येतो. तो आलाच नाही, तर मूळ बहुधा आधीच ऊर्ध्वपातनातून गेलेले असते. वाळ्याचे तेल काढण्यासाठी मुळे कित्येक तास वाफेवर ठेवावी लागतात, आणि तेल निघून गेल्यावर जो चोथा उरतो तो दिसायला मुळांसारखाच असतो. पूड केल्यावर तर तो ओळखणे अशक्यच. दुसरी गोष्ट मातीची. एवढ्या खोलातून उपसलेल्या मुळांच्या जुड्यांत बारीक रेती अडकलेली असते, आणि नीट न धुता दळली तर तीही पुडीत उतरते.

वर्तुळरेषा यांचे उत्तर

तेलाबद्दलचा प्रश्न मागे राहिला आहे म्हणून लिहिते. मी घरगुती वापरासाठी साबण आणि उटणी तयार करते, त्यामुळे वाळ्याचे तेल माझ्या नेहमीच्या हाताळणीतले आहे. ते मधासारखे दाट असते, बाटलीतून थेंब पडायला वेळ लावते आणि फार सावकाश उडते. अत्तरांत इतर वास धरून ठेवण्यासाठी त्याचा उपयोग होतो तो त्यामुळेच. परंतु मूळ पाण्यात कालवून केलेला लेप आणि त्या मुळातून काढलेले तेल या दोन वस्तू एक नव्हेत. तेलात फक्त वाफेबरोबर उडणारा भाग येतो, आणि तोही अतिशय एकवटलेल्या स्वरूपात. असे कोणतेही सुगंधी तेल जसेच्या तसे कातडीवर लावू नये, पोटात तर घेऊच नये. शरीरावर वापरायचेच असेल तर १०० मिलीलिटर तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात १ मिलीलिटर यापलीकडे मी जात नाही, आणि तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून, दोन दिवस वाट पाहून. नैसर्गिक सुगंधांचीही ॲलर्जी येते, आणि एकदा आली की ती त्या माणसाचा पिच्छा सोडत नाही.

शिवाय घामोळ्यांवर मुळात कोणतेही तेल कशाला? घामाची तोंडे आधीच बुजलेली असताना त्यांवर तेलाचा थर देणे मला पटत नाही. या कारणासाठी मला वैद्यांना एक विचारायचे आहे: लेपात तूप किंवा तेल घालण्याचे प्रमाणही सुश्रुतांनी दिले आहे ना? मग ते येथे पाळायचे की नाही?

शांतसंध्या

सर्वांचे मनापासून आभार. तृणकुल यांनी रेतीबद्दल लिहिलेले वाचून उरलेली पूड एका काचेच्या पेल्यात पाण्यात ढवळून ठेवली. अर्ध्या तासाने तळाशी नखाच्या जाडीचा राखाडी थर बसला होता, आणि तो चमच्याने ढवळला असता काचेवर करकर वाजत होता. वास जवळजवळ नाहीच. ती पूड टाकून दिली आणि अख्खी मुळे आणली आहेत. त्यांच्यावर पाणी शिंपडल्यावर मात्र खोलीभर वास पसरला.

मानेवरच्या रेषा आता फिकट झाल्या आहेत. चट्टा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवला. त्यांनी थोडी खपली खरवडून तपासली आणि बुरशीच असल्याचे सांगून तिचे औषध सुरू केले. घामोळ्यांसाठी ही मुळे आता कशी वापरावीत, आणि डागांसाठी वेगळे काही करावे लागेल का, एवढे कृपया सांगावे.

कल्कचूर्ण

चट्टा तपासून घेतलात हे उत्तम झाले. बुरशीचे औषध, चट्टा दिसेनासा झाला तरी, तज्ज्ञांनी सांगितलेली मुदत संपेपर्यंत चालू ठेवावे. ते मध्येच सोडल्याने नायटा उलटून आलेले रुग्ण माझ्याकडे वारंवार येतात.

वर्तुळरेषा यांचा मुद्दा रास्त आहे. सुश्रुतांनी लेपातील स्नेहाचे, म्हणजे तूप-तेलाचे, प्रमाण पित्तासाठी सहावा भाग, वातासाठी चौथा आणि कफासाठी आठवा असे दिले आहे, आणि त्या हिशेबाने दाहाच्या लेपात सहावा भाग तूप यायला हवे. परंतु तो अध्याय प्रामुख्याने सूज आणि व्रण यांच्या संदर्भात बोलतो. घामाने चिकट झालेल्या, बारीक पुरळ उठलेल्या त्वचेवर मी तूप घालत नाही. कोरड्या, तडकलेल्या, आग होणाऱ्या त्वचेवर मात्र अवश्य घालतो. ग्रंथ एकच, पण समोरची कातडी पाहून हात बदलावा लागतो. वाळ्याचा समावेश असलेले कुंकुमादी तेल डागांसाठी प्रसिद्ध आहे, परंतु घामोळ्या चालू असताना तेही लावू नये.

आपल्यासाठी मी लेपापेक्षा हिम सुचवेन. हिम म्हणजे रात्रभर थंड पाण्यात भिजवून सकाळी कुस्करून गाळलेले पाणी. त्याचे शास्त्रोक्त प्रमाण एक भाग द्रव्याला सहा भाग पाणी असे आहे, म्हणजे २० ग्रॅम मुळांना १२० मिलीलिटर. प्रत्यक्षात वाळ्याची मुळे हलकी आणि फुगीर असल्याने एवढ्या पाण्यात ती बुडत नाहीत, तरंगत राहतात. त्यासाठी ती आधी तीन-चार पाण्यांतून, तळाशी रेती दिसेनाशी होईपर्यंत धुवावीत, कात्रीने बोटाच्या पेराएवढी कातरावीत आणि वरून लहान ताटलीचा दाब द्यावा. भांडे मातीचे, काचेचे किंवा स्टीलचे घ्यावे. सकाळी हे पाणी दुपदरी सुती कापडातून गाळावे, म्हणजे तंतू त्यात उतरत नाहीत. मऊ कापडाची घडी त्यात भिजवून हलकी पिळावी आणि दिवसा घामोळ्यांवर दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. ती कोरडी पडण्यापूर्वी उचलावी, जागा न चोळता टिपून घ्यावी आणि वाऱ्याला मोकळी सोडावी. पाणी त्याच दिवशी संपवावे. याबरोबर सैल सुती कपडे आणि घाम आल्यावर लगेच साध्या पाण्याने अंग धुणे हे पाळले नाही, तर वाळ्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

लेपच हवा असेल तर वस्त्रगाळ चूर्ण याच पाण्यात कालवून पातळ लावावे. माती घालू नये.

डागांसाठी घाई करू नये. पुरळ शमल्यावर त्वचेत उरलेला काळपटपणा उतरण्यास काही महिने लागतातच, आणि त्या काळात उन्हापासून झाकण हाच त्यांतला सर्वांत मोठा उपाय आहे. मंजिष्ठा आणि ज्येष्ठमध यांच्यासह वाळ्याचा लेप आठवड्यातून दोनदा लावण्यास हरकत नाही, मात्र घामोळ्या पूर्ण बसल्यानंतरच. पुन्हा खाजवून नवे व्रण झाले तर जुन्या डागांवरची मेहनत वाया जाते.

आणखी एक सूचना, आपल्यासाठी नव्हे तर हे वाचणाऱ्या इतरांसाठी. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात उशीराच्या गुणांत विसर्पाचाही उल्लेख आहे, आणि तो वाचून कोणी भराभर पसरणाऱ्या लालीवर घरी लेप लावत बसू नये. लाली तासागणिक पुढे सरकत असेल, ती जागा गरम आणि दुखरी असेल, अंगात ताप असेल, पू किंवा फोड असतील, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्याला त्याच दिवशी वैद्यकीय उपचार लागतात. तान्ह्या बाळाच्या अंगावरही कोणताही लेप स्वतःच्या मनाने लावू नये.

भिजवून गाळलेली मुळे दुसऱ्या दिवशीच्या हिमासाठी पुन्हा वापरू नयेत. त्यांत वास थोडा उरलेला असतो, म्हणून मोह होतो, परंतु ओली मुळे उबेत एका दिवसात आंबतात.